टेकरीवरचा खटका

साहेबांनी मला पहिल्यांदा अडवलं ते चहावरून. देवासच्या कारखान्यात मी नुकताच रुजू झालो होतो. जेवणाच्या सुट्टीत ते कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलापाशी आले, म्हणून मी उठून उभा राहिलो आणि अदबीने म्हणालो, "या साहेब, चाय पिऊन घ्या."

त्यांनी खिशातून इस्त्री केलेला रुमाल काढला, खुर्ची पुसली, बसले आणि शांतपणे म्हणाले, "चहा. चाय नव्हे. आणि 'पिऊन घ्या' कशाला? कोणी हिसकावून नेणार आहे का? 'चहा घ्या.' म्हणा बघू."

मी म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे-तिघे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण माझे कान तापले. मी धारचा. पणजोबा संस्थानात कारकून म्हणून आले तेव्हापासून आम्ही तिथलेच. शाळा हिंदी, गल्ली मालवी आणि घर मराठी. निदान घर मराठी आहे असं मी त्या दिवसापर्यंत धरून चाललो होतो.

साहेब आमच्या देखभाल खात्याचे मुख्य. पुण्यात शिकलेले, आणि सत्तरच्या दशकात कारखाना उभा राहिला तेव्हा इकडे आलेले. उंच, काटकुळे, गळ्यापाशीचं बटन मे महिन्यातही लावलेलं. यंत्राशी बोलावं तसं ते माणसांशी बोलत. काय बिघडलंय ते आधी, नमस्कार नंतर. खात्यात कोणाला त्यांची भीती वाटत नसे, कारण ते रागावत नसत. ते फक्त दुरुस्त करत. रागावलेल्या माणसापुढे मान वर तरी करता येते, दुरुस्त करणाऱ्यापुढे नाही.

माझी आणि त्यांची जवळीक झाली ती रेडिओमुळे. माझे काका धारला तारखात्यात होते आणि त्यांनी हौशी रेडिओचं लायसन्स फार पूर्वी काढलं होतं. आपल्या घरातून, आपल्या यंत्रावरून, सरकारी परवान्याने दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचं, एवढंच त्यात असतं. ना पगार, ना धंदा, नुसता नाद. वडील लवकर गेल्यामुळे मी काकांच्याच घरी वाढलो. त्यांनी मला तारेची टिकटिक शिकवली आणि परीक्षेला बसवलं. माझ्याकडे लायसन्स आहे हे साहेबांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "मग रविवारी सकाळी घरी या," म्हणाले.

साहेबांचा एक रिपीटर होता. हातातल्या लहान सेटचा आवाज लांब जात नाही. मध्ये चार इमारती आल्या की संपला. म्हणून उंचावर एक मशीन ठेवतात. ते खालचा आवाज पकडतं आणि त्याच क्षणी जोर लावून पुन्हा सोडतं. साहेबांनी लिलावातले जुने सेट उघडून, सुट्ट्या घालवून, असं मशीन स्वतः बनवलं होतं आणि माताजीच्या टेकरीच्या उतारावर एक खोली भाड्याने घेऊन तिथे बसवलं होतं. त्याच्यामुळे देवासचे, इंदूरचे, आणि छपरावर लांब अँटेना असेल तर थेट धारचे लोक एकमेकांशी बोलू शकत. ट्रंककॉल नोंदवून पोस्टाच्या बाकावर ताटकळण्याचे ते दिवस. ही केवढी चैन होती, ते आता सांगून पटणार नाही.

मशीन साहेबांचं, खोली साहेबांची, लायसन्स साहेबांचं, आणि खटकाही साहेबांचा. घरच्या टेबलावर त्यांची एक डबी होती, तिच्यावर काळं बटन. ते दाबलं की टेकरीवरचं मशीन बिनतारीच बंद पडे. ऐकणाऱ्याला खट् असा आवाज येई आणि मग काही नाही. बोलणारा बोलतच राहिलेला असे. आपलं बोलणं कुठेच पोचत नाही हे त्याला उशिरा कळे.

"माझ्या मशीनवरून कोणी शिवी दिली तर दिल्लीहून नोटीस मला येईल, त्याला नाही," असं ते सांगत, आणि ते खरंच होतं. सुरुवातीला खटका शिव्यांसाठीच होता. मग कोणी मालाचा भाव विचारला तर, कारण धंद्याचं बोलणं नियमात बसत नाही. मग कोणी घरचा निरोप दिला तर. आणि मग केव्हातरी कोणी चुकीचं बोललं तर.

दर रविवारी सकाळी ते स्वतः सुरुवात करत. आवाज भारदस्त होता, त्या आवाजात कोणी टाइमटेबल वाचलं असतं तरी ऐकावंसं वाटलं असतं. "नमस्कार. हे केंद्र खाजगी आहे. इथे बोलणं हा कोणाचा हक्क नाही, ती परवानगी आहे. मराठीत बोलायचं तर मराठीत बोला. हिंदीत बोलायचं तर हिंदीत बोला. खिचडी घरी खा." बोलणं संपलं की सगळीकडे 'ओव्हर' म्हणतात. साहेबांच्या मशीनवर 'आपली पाळी' म्हणावं लागे. रिपीटर हा शब्दही त्यांना चालत नसे, 'पुनःप्रक्षेपक' म्हणा असा आग्रह. तो शब्द म्हणता म्हणता इंदूरच्या एका सरदारजींची जीभ इतकी वळली की साहेब स्वतःच हसले आणि त्यांना एकट्याला सूट मिळाली.

खटका दाबला की शिक्षा पाच मिनिटांची. साहेब बशीएवढं गजराचं घड्याळ लावत आणि ते वाजेपर्यंत वर्तमानपत्र वाचत. एकाच्या चुकीसाठी सगळे बंद. लोहारद्याचे एक शिक्षक होते, मोठ्या कष्टाने सेट जुळवून पहिल्यांदा आले आणि आनंदाच्या भरात मालवीत बोलू लागले. खट्. पाच मिनिटांनी साहेब म्हणाले, "गुरुजी, भाषेत बोला." ते शिक्षक पुन्हा कधी आले नाहीत. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. मला आठवतं, मला आधी त्या शिक्षकांची दया आली नाही. आज माझ्यावर पाळी आली नाही, एवढंच मनात आलं.

माझी पाळी रोज जेवणाच्या सुट्टीत येत असे. साहेबांनी माझं मराठी मनावर घेतलं होतं. घरून जुने दिवाळी अंक आणत आणि कॅन्टीनमध्ये मला मोठ्याने वाचायला लावत. मी हिंदी शाळेतला. अक्षरं तीच, पण वाचताना ठेचा लागत. आणि तिसरं लिंग तर माझ्या डोक्यात शिरतच नसे. हिंदीत दोनच कप्पे, मी प्रत्येक वस्तू त्या दोहोंत कोंबायचो.

"कुलूप लावला," मी वाचनाबाहेर काही बोलताना म्हणायचो.

"लावलं."

"लावलं. आणि किल्ली ठेवून दिला."

"दिली. अहो, किल्ली तर हिंदीतही बाईच आहे ना?"

टेबलाभोवती हसू फुटायचं. साहेब मात्र हसत नसत. चष्मा कपाळावर सारून ते माझ्याकडे अशा कळवळ्याने बघत की मी मान खाली घालायचो. आज मी हे चार शब्द मराठीत लिहू शकतो ते त्या वाचनामुळे, हे नाकारणार नाही. पण त्या दिवसांत मी हळूहळू कमी बोलू लागलो. बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून बघायचं, लिंग तपासायचं, 'करून राहिलो', 'जाऊन राहिली' असं हिंदी वळणाचं कुठे घुसलं तर काढायचं, आणि एवढं होईस्तोवर समोरच्याचा विषय पुढे गेलेला असायचा.

एकदा साहेब धारला आमच्या घरी जेवायला आले. त्यांना काकांचा जुना सेट बघायचा होता. ते येणार म्हटल्यापासून माझी झोप उडाली. घरात कोण काय बोलेल याची मला धास्ती. आमच्या घरात एक गंमत आहे. पूजेला, लग्नाकार्याला, नात्यांना जे शब्द लागतात ते सगळे पणजोबांच्या वेळचे, आणि बाकी सगळं बोलणं बाजारातलं.

काकू पाट मांडत म्हणाली, "हा मामंजींच्या वेळचा पाट आहे. वन्सं बसायच्या यावर."

साहेब जागच्या जागी उभे राहिले. "काय म्हणालात? मामंजी? वन्सं?" त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी पूर्वी पाहिला नव्हता. "अहो, पुण्यात हे शब्द आता कोणाच्या तोंडी नाहीत. माझी आजी म्हणत असे. तुम्ही रोज म्हणता हे?"

"मग सासऱ्यांना काय म्हणू?" काकू म्हणाली. "बसून जा आता. भात वाढून राहिले."

"वाढते आहे," साहेब म्हणाले.

काकूने त्यांच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे पाहिलं. "हो, वाढूनच तर राहिले," ती म्हणाली आणि तिने वाढलं.

काका खो खो हसले. साहेबही जेवले, दोनदा वरण मागून घेतलं, जाताना काकूला वाकून नमस्कार केला. त्या घरात लाजलो होतो तो मी एकटा. काकूची लाज वाटली, मग काकूची लाज वाटली म्हणून माझीच लाज वाटली, आणि साहेबांना बसपर्यंत पोचवायला गेलो तेव्हा दोन्ही बाजूंनी कोंडल्यासारखा गप्प चालत राहिलो. बसमध्ये चढताना ते म्हणाले, "तुमच्या काकूंच्या तोंडात केवढा ठेवा आहे. फक्त जरा पुसून घ्यायला हवा."

आता त्या एका रविवाराबद्दल सांगतो.

माझी बायको धारला होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण काकूकडेच करायचं ठरलं होतं. दिवस भरत आले होते. दर रविवारी काका साहेबांच्या मशीनवरून मला घरची खुशाली अशी कळवत की नियमात बसावं. 'हवामान चांगलं आहे' म्हणजे सगळं ठीक. आमच्यातली ही खूण साहेबांना माहीत होती, असं मला अजूनही वाटतं, आणि ती त्यांनी चालवून घेतली होती.

त्या सकाळी मी साहेबांच्या घरी नेहमीच्या खुर्चीवर बसलो होतो. इंदूरचे सरदारजी आपल्या अँटेनाबद्दल सांगत होते. त्यांचं संपतं न संपतं तोच काकांचा आवाज आला. धापा टाकत होते. स्वतःचं सांकेतिक नावही सांगायला विसरले.

"अरे भिया, ऐकून घे. सूनबाईला सकाळी दवाखान्यात नेलं, आणि..."

खट्.

मी साहेबांचं बोट पाहिलं. 'भिया', म्हणजे आमच्याकडचं 'भाऊ', म्हणताच ते डबीवर गेलं होतं आणि 'दवाखान्यात नेलं'पर्यंत थांबलं होतं. त्यांनी गजराचं घड्याळ लावलं.

"साहेब," मी म्हणालो, "माझ्या घरचं आहे."

"माहीत आहे. खाजगी निरोप. शिवाय नाव नाही, गाव नाही, भिया म्हणजे काय? पाच मिनिटांनी नीट सांगतील."

स्वयंपाकघराच्या दारात साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, येऊन उभ्या होत्या. हाताला कणीक. "अहो, चालू करा ना. पोराची बायको दवाखान्यात आहे."

"एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते," साहेब म्हणाले. ते कठोरपणे बोलले नाहीत. समजावून सांगावं तसं बोलले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी उठून ते बटन दाबायला हवं होतं, असं पुढे मला अनेकांनी सांगितलं. पण साहेबांच्या घरात, साहेबांच्या टेबलावर, साहेबांचं बटन दाबायचं हे माझ्या मनातच आलं नाही. मी घड्याळाकडे बघत बसलो. वहिनी दारातून हलल्या नाहीत.

गजर झाला. साहेबांनी मशीन चालू केलं आणि माइक माझ्या हातात दिला. "बोलवा त्यांना."

आणि मी काय केलं, तर वाक्य मनात जुळवलं. माझ्या बायकोचं काय झालं, ती आहे का, मूल आहे का, यातलं काही ठाऊक नसताना, माइक तोंडाशी धरून मी तपासत होतो. तब्येत ही स्त्रीलिंगी, म्हणून कशी. मग मी साहेबांना आवडेल अशा मराठीत म्हणालो, "काका, माझ्या बायकोची तब्येत कशी आहे? कृपया सांगावे. आपली पाळी."

उत्तर नाही. पुन्हा बोललो. उत्तर नाही. शेवटी सरदारजी हळूच म्हणाले, "बेटा, ते गेले वाटतं. आम्हीही तेवढंच ऐकलं."

वहिनींनी माझी पिशवी आणून दिली. "तू बस पकड. मी इथे ऐकत बसते," म्हणाल्या. त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं, त्या बोलू शकल्या नसत्या. पण ऐकायला बसल्या.

देवासहून इंदूर, इंदूरहून धार. साऱ्या वाटेत काकांच्या त्या 'आणि'पुढे मी एकेक वाक्य लावून पाहत होतो. चांगली वाक्यं थोडीच सुचतात अशा वेळी.

दवाखान्याच्या पायरीवर काका संत्रं सोलत बसले होते. मला बघून उठले. "आलास भिया? पोरगी झाली. दोघी मजेत. तुझ्याला ऐकू नाही आलं?"

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो. "लाइट गेली होती काका," मी म्हणालो.

त्यांनी संत्र्याची फोड माझ्या हातात दिली. "लाइट नाही रे. त्याने बंद केलं. मी भिया म्हटलं ना." ते चिडले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "पण भिया नाही म्हणू तर तुझ्याला काय म्हणू मी? जन्मापासून तेच म्हणून राहिलो."

आत गेलो. बायको थकलेली, पण हसत होती. "काका धावत गेले होते रेडिओवर सांगायला. तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं," मी म्हणालो आणि मुलीकडे वाकलो, म्हणजे माझा चेहरा तिला दिसू नये.

देवासला परतलो तेव्हा खात्यात पेढे वाटले. साहेबांना मी पेढा द्यायला गेलो. काय बोलतील याचा विचार मी बसमध्ये करून ठेवला होता. माफी मागतील असं वाटलं नव्हतं, पण काहीतरी विचारतील. त्यांनी पेढा घेतला, रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाले, "अभिनंदन. आणि एक सांगू? त्या दिवशीचं तुमचं वाक्य एकदम शुद्ध होतं. एवढ्या ताणात एक चूक नाही."

ते मनापासून कौतुक करत होते. डोळे पाणावल्यासारखे झाले होते त्यांचे. आणि मी म्हणालो, "थँक्यू साहेब." दुसरं काही मराठीत सुचलं नाही.

त्यानंतर मी रविवारी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. भांडलो नाही. मुलगी लहान आहे, धारला जावं लागतं, असं सांगितलं.

काकांनी मात्र वेगळंच केलं. धारच्या तीन-चार लायसन्सवाल्यांना जमवून त्यांनी स्वतःचा रिपीटर उभा केला. अमझेऱ्याच्या वाटेवर एका ओळखीच्या शेतात टेकाड होतं, तिथल्या पंपाच्या खोलीवर तो बसवला. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. साहेबांच्या मशीनपुढे ते काहीच नव्हतं. खरखर तर इतकी की शेंगदाणे भाजल्यासारखं वाटे. देवासहून तर अर्धी वाक्यं गिळली जात. पण त्याला खटका नव्हता. लोक त्या खरखरीतूनच बोलू लागले. आधी धारचे गेले, मग इंदूरचे, मग आमच्या कारखान्यातली पोरं अँटेना धारकडे वळवून बसली. लोहारद्याचे ते शिक्षकही कुठून तरी आले आणि मालवीत तासभर बोलले. सोयाबीनचे भाव, पोरांचे निकाल, कोणाच्या म्हशीचं दुखणं, सगळं चाले. काकांना सांगून पाहिलं की एखादे दिवशी खरंच दिल्लीहून नोटीस येईल. ते म्हणाले, "येऊ दे भिया. आपण सांगू, म्हैस बीमार होती."

साहेब म्हणाले, "चार दिवस चालेल." चार महिने झाले, चालत होतं.

एका संध्याकाळी देवासच्या भाजीबाजारात वहिनी भेटल्या. मुलीची चौकशी केली, मेथीची जुडी उलटसुलट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता आमच्या मशीनवर कोणी येत नाही. हे रोज ऑफिसातून आले की चहा घेतात आणि बसतात. 'कोणी ऐकत आहे का?' म्हणून विचारतात. थोडं थांबतात. पुन्हा विचारतात." त्यांनी जुडी पिशवीत घातली. "मी आतून म्हणते, 'ऐकते आहे.' काय करणार."

मी त्यांची पिशवी हातात घेतली.

"धारचंही ऐकतात," त्या म्हणाल्या. "दर रविवारी. आवाज बारीक करून."

हे ऐकून मी त्यांची नजर चुकवून मेथीच्या ढिगाकडे बघू लागलो. कारण धारच्या मशीनवर रविवारी काय चाले ते मला माहीत होतं. आमच्याच खात्यातला एक तरुण मुलगा साहेबांची नक्कल करायचा. हुबेहूब. तोच भारदस्त आवाज, 'हे केंद्र खाजगी आहे', 'खिचडी घरी खा', 'आपली पाळी'. शेवटी जिभेने खट् असा आवाज काढायचा, आणि देवासपासून धारपर्यंत सगळे हसायचे. मीही. खरं तर मला ती नक्कल आवडायची. कॅन्टीनमध्ये मी खाली घातलेली मान तिथे थोडी वर यायची. आणि तेवढा वेळ ते आपल्या टेबलापाशी, आवाज बारीक करून, ऐकत बसलेले असायचे.

त्या मुलाला सांगायचं मी ठरवलं. सोमवारी सांगू, मंगळवारी सांगू म्हणता रविवार आला आणि मी धारला होतो. सकाळची वेळ. काका मटार सोलत बसले होते, सेट त्यांच्यापाशी तिपाईवर. मुलगी माझ्या मांडीवर. त्या मुलाने नक्कल सुरू केली. हसणं झालं, खट् झालं, पुन्हा हसणं झालं. आणि त्या हसण्यामागून, खरखरीतून, खरा आवाज आला.

साहेबांनी आपलं सांकेतिक नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि म्हणाले, "मला आपल्या केंद्रावर बोलण्याची परवानगी असावी."

कोणी हललं नाही. सगळे होते. मघाशी हसत होते ते सगळे होते. पण एकाही सेटवरून आवाज निघेना. खरखरही थांबल्यासारखी वाटली. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. सरदारजी बोलतील. कोणी बोललं नाही. खटका नसलेल्या मशीनवर आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना बंद केलं होतं.

काही वेळाने पुन्हा तोच आवाज, पहिल्यापेक्षा हळू. "मला परवानगी असावी."

काकांनी हातातली शेंग ताटात टाकली, हात धोतराला पुसले आणि माइक उचलला.

"या साहेब, या. आवाज एकदम साफ येऊन राहिला तुमचा. बोलून घ्या."

नेहमीचं बोलणं. एक शब्द पुसून घेतलेला नव्हता, आणि चिडवण्याचा सूरही नव्हता. काकांना दोन्ही जमत नसत.

साहेबांनी पुन्हा आपलं सांकेतिक नाव सांगितलं. मग म्हणाले, "आपल्या नातीची तब्येत कशी आहे? मी विचारलं नव्हतं."

काकांनी माइक माझ्यापुढे धरला. "घे. तुझ्याला विचारून राहिले."

मी माइक धरला आणि सवयीने वाक्य जुळवायला लागलो, पण मुलीने माझी बोटं तोंडात घातली होती आणि ती चावत होती, आणि माझं जुळवलेलं सगळं विस्कटलं. मी म्हणालो, "मजेत आहे साहेब. दात निघून राहिले."

बोललो आणि थांबलो. आता येईल, निघताहेत म्हणा, असं काहीतरी येईल. कान तापायला लागलेच होते. साहेबांचा सेट जोरदार, त्यातून त्यांच्या खोलीतला पंखाही ऐकू येत होता, म्हणजे त्यांनी माइकचं बटन दाबून धरलं होतं, बोलायला तोंड उघडलेलं होतं. बराच वेळ नुसता पंखा.

"छान," ते म्हणाले. "निघू देत. नाव काय ठेवलंत?"

"वेणू."

"वेणू," त्यांनी म्हणून पाहिलं. त्यांच्या तोंडी तो ण असा काही आला की माझ्या मुलीचं नाव मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. माझं चुकलेलं वाक्य मात्र त्यांनी तसंच जाऊ दिलं. दुरुस्ती झाली नाही की मोकळं वाटेल, अशी माझी इतक्या दिवसांची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. निवृत्तीला आलेला माणूस सगळ्यांदेखत एवढंसं काहीतरी गिळून बसला होता, आणि ते त्याला किती जड गेलं असेल हे त्या सगळ्यांत मला एकट्यालाच ठाऊक होतं. मी मुलीच्या तोंडातून बोटं सोडवून घेतली आणि उगाच तिचं झबलं सारखं करत बसलो.

त्यानंतर साहेब देवासला होते तोवर दर रविवारी धारच्या मशीनवर येत. निवृत्त झाले तशी टेकरीवरची खोली त्यांनी सोडली, मशीन उतरवून खोक्यात भरलं आणि ते आणि वहिनी पुण्याकडे गेले. पण तो पहिला रविवार मला लख्ख आठवतो. वेणूचं नाव घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "तुमचं काही चाललं होतं. चालू द्या. मी नुसता ऐकत बसतो."

पंख्याचा आवाज बंद झाला. त्यांनी बटन सोडलं होतं. आणि ते ऐकत आहेत म्हटल्यावर आमच्यापैकी कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. ज्याने नक्कल केली होती तो मुलगा तर तिकडे देवासला सेटपुढे घामाघूम झाला होता, असं त्याने पुढे मला सांगितलं. काकांनी ताट पुन्हा पुढे ओढलं, दोन शेंगा सोलल्या, आणि कोणी बोलत नाही असं पाहून शेवटी त्यांनीच माइक उचलून सोयाबीनचा विषय काढला.